बसून पाहिलेली गिटार

बाईंना माघारी सगळे पँटबाई म्हणत आणि तोंडावर नुसतं बाई. त्या पँट शिवत. फक्त पँट. शर्ट, फ्रॉक, कोट असलं काही घेऊन कुणी आलं की त्या चष्म्यावरून बघत आणि दोन गल्ल्या पलीकडच्या शिंप्याचा पत्ता सांगत. घराच्या रस्त्याकडच्या खोलीत दोन मशीन, कमरेएवढ्या उंचीचं कापायचं टेबल, माणूसभर उंचीचा आरसा आणि आरशासमोर एक साधी लाकडी खुर्ची, एवढाच दुकानाचा पसारा होता. त्या खुर्चीला मान फार. नवी पँट घालून गिऱ्हाईक आरशात बघून खूश झालं की बाई म्हणत, "आता बसा." बसलं की म्हणत, "वाका. बुटाची नाडी बांधा. खिशातून रुमाल काढा." एखादा घाईचा माणूस म्हणालाच, की अहो छान झाली आहे, द्या बांधून, तर त्याला ती पँट मिळत नसे. उभ्यानेच जगणाऱ्या माणसाने माझ्याकडे येऊ नये, असं बाई स्पष्ट सांगत. गिऱ्हाइकं कुरकुरत, बसत, वाकत आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच येत.

दर रविवारी दुपारी मात्र मशीनवर कापड टाकून बाई बेस गिटार घेऊन निघत. शहराच्या जुन्या क्लबात चार ते सहा या वेळात म्हाताऱ्या मंडळींचा नाच असे आणि तिथे चौघांचा बँड वाजवत असे. कीबोर्डवर सर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक. बँड त्यांचाच. ड्रमवर एक प्लंबर, ज्याला सगळे ठोक्या म्हणत आणि त्यालाही ते आवडे. गायला बँकेतली एक कारकून. आणि बाई. चौघांच्या काळ्या पँटी अर्थातच बाईंनी शिवलेल्या. सरांच्या पँटचा डावा खिसा बोटभर जास्त खोल होता, कारण त्यात चष्म्याचं घर ठेवायची त्यांना सवय होती.

बाईंच्या हाती बेस आला तो काही हौसेने नाही. एकोणीस वर्षांच्या असताना त्या गणवेश शिवायच्या कारखान्यात होत्या. कामगारांचा बँड निघाला तेव्हा प्रत्येकाला गिटार पाहिजे होती, नाहीतर ड्रम, नाहीतर माईक. बेस तेवढा कुणालाच नको होता. बाई सगळ्यांत शेवटी पोचल्या, म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला. महिन्याभरात त्यांच्या लक्षात आलं की हे वाद्य आपल्या स्वभावाचं आहे. कुणाचं लक्ष नसतं, पण ते थांबलं तर सगळ्यांचे पाय चुकतात.

तेव्हा तारा चारच होत्या. सहा तारांची गिटार आली अकरा वर्षांपूर्वी, बँडचा गिटारवाला मुलीकडे परगावी कायमचा निघून गेला तेव्हा. नवा माणूस घ्यायचा तर चौघांतच धड भागत नव्हतं. मग सरांनी कुठून तरी सहा तारांचा वापरलेला बेस मिळवला. एक तार नेहमीच्या चारांहून जाड, एक बारीक. बारीक तारांवर बाई गिटारवाल्याची जागाही भरून काढू लागल्या. मध्यंतरानंतरच्या दुसऱ्या भागात गायिका पाणी प्यायला बसली, की एक संथ धून होत असे. ती पूर्ण बाईंची. सगळ्यात बारीक तारेवर बाई ती एकट्याने वाजवत, मागे ठोक्या ड्रमवर नुसता ब्रश घासत राही आणि म्हातारी जोडपी एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून सावकाश फिरत. क्लबात त्या धुनेला बाईंची धून असंच म्हणत. तिचं खरं नाव काय, हे आता सरांनाही आठवत नव्हतं.

बावन्नाव्या वर्षी बाईंचा डावा हात कुरकुरायला लागला. आधी अंगठ्याच्या बुडाशी, मग मनगटात, मग खांद्यापासून खाली मुंग्या. बाईंनी नेहमीप्रमाणे काणाडोळा केला. एका रविवारी धुनेच्या मध्यावर करंगळी उठेना, तेव्हा डॉक्टरकडे जावं लागलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मनगट इकडेतिकडे वळवून पाहिलं आणि गिटार कशी धरता ते हवेत करून दाखवायला सांगितलं. मग त्या म्हणाल्या, की मनगट असं मोडलेलं ठेवून आणि खांद्यावर एवढं वजन घेऊन हा हात फार दिवस साथ देणार नाही. वाद्य बदला, नाहीतर सोडा.

हे सरांच्या कानावर गेलं. सर फार भला माणूस, आणि भल्या माणसाशी भांडता येत नाही हीच पंचाईत. नाच संपल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "बाई, जिवापेक्षा जास्त नाही काही. हा महिना बघू. नाही जमलं तर बेस मी डाव्या हाताने कीबोर्डवर सांभाळतो. तुम्ही येत जा, आमच्याबरोबर चहा प्यायला."

चहा प्यायला. घरी येईपर्यंत बाईंच्या डोक्यात तेवढंच घुमत होतं. तेहतीस वर्षं वाजवून शेवटी चहा प्यायला या म्हणे. त्यांना रडू आलं नाही, राग आला. पण रागाच्या खाली भीती होती आणि ती त्यांना स्वतःला नीट कळत होती, कारण सरांचा डावा हात चांगलाच तयार होता.

नवरा पार्सल कचेरीत कामाला होता. तीस वर्षं पार्सलं उचलून त्याचा हात म्हणजे वजनकाटाच झाला होता. जुनी गिटार एका हाताने उचलून तो म्हणाला, पाच किलो दोनशे. बाईंना खरं वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने ती कचेरीत नेऊन तिचं वजन केलं. पाच किलो दोनशेवीस निघाली. वरचे वीस ग्रॅम पट्ट्याचे असतील, असं त्याचं म्हणणं. बाईंनी ठरवलं, हलकी गिटार घ्यायची. नवरा म्हणाला, "वजन ठीक आहे गं, पण तोल बघ. पार्सल एका बाजूला कलतं असलं, की दोन किलोचंसुद्धा मनगट मोडतं."

"तुम्ही तुमची पार्सलं सांभाळा," बाई म्हणाल्या. नवरा पेपर वाचायला लागला.

शहरात वाद्यांची दुकानं तीन होती, पण सहा तारांचे बेस एकाच ठिकाणी होते, तेही तीनच. दुकानदार पन्नाशीचा, बोलायला गोड. त्याने बाईंना स्टूल दिलं, पंखा लावला. बाईंनी पर्समधून टेप काढला, तेव्हा मात्र तो जरा चपापला. गिटारीचं माप घेणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नसावं. बाईंनी प्रत्येकीच्या मानेची रुंदी वरच्या टोकाला घेतली, मध्यावर घेतली, दोन तारांतलं अंतर घेतलं, मान मागून किती जाड आहे ते बोटांच्या पकडीत धरून पाहिलं आणि सगळं कापडाच्या बिलाच्या पाठीमागे लिहून काढलं. त्यांचा पंजा लहान होता. अर्धा सेंटिमीटर म्हणजे काय, हे पँटीच्या कमरेला जेवढं कळतं तेवढंच त्यांच्या करंगळीलाही कळत होतं.

पहिली गिटार जुनीचीच बहीण, तेवढीच जड. ती बाद झाली. दुसरी हळदी रंगाची. बाई म्हणाल्या, या रंगाची पँट मी शत्रूलासुद्धा शिवून देणार नाही. शिवाय तिची मान रुंद होती आणि खांद्याकडचं शिंग, म्हणजे पट्टा अडकवायचं टोक, लांबच लांब पुढे आलेलं. दहा मिनिटं वाजवून त्यांनी ती बाजूला ठेवली. तिसरी मात्र हातात आली आणि बाईंचा चेहराच बदलला. काळी, आटोपशीर, साडेतीन किलोच्या आसपास. मान बारीक, तारा जवळजवळ, आणि इतक्या खाली बसवलेल्या, की नुसतं बोट टेकवलं तरी स्वर निघावा. स्टुलावर बसून मांडीवर घेतली तर घरच्या मांजरासारखी बसली. बाईंनी दीड तास वाजवली. धून चार वेळा वाजवली. करंगळीने एकदाही तक्रार केली नाही. दुकानदाराने चहा मागवला, ओरखडा पडला नाही तर आठ दिवसांत बदलून देईन असंही आपणहून सांगितलं. बाई म्हणाल्या, बदलायची वेळ येणार नाही.

घरी आठवडाभर त्यांनी ती मशीनपुढच्या स्टुलावर बसून वाजवली. हात गप्प होता. नवऱ्याला दोनदा ऐकवलं, की बघा, मनगट कुठे मोडलं? नवरा म्हणाला, नाही मोडलं.

पुढच्या रविवारी क्लबात बाई काळ्या पँटमध्ये, वाजवताना घालायचे टाचांचे बूट घालून उभ्या राहिल्या आणि गिटार गळ्यात अडकवली. पहिल्याच गाण्यात काहीतरी चुकतंय असं वाटलं. मान खाली जात होती. गिटारीचं धड हलकं, डोक्याकडच्या तारा पिळायच्या सहा किल्ल्या भारी, आणि पट्टा अडकवायचं शिंग आखूड. डावा हात जरा सैल सोडला, की मान जमिनीकडे निघायची. बाईंनी ती उचलून धरली. परत गेली. परत उचलून धरली. तिसऱ्या गाण्यापर्यंत डावा हात वाजवत कमी होता आणि हमाली जास्त करत होता. चौथ्या गाण्याला अंगठा ठणकायला लागला, मध्यंतरात त्यांनी हात गार पाण्याखाली धरला आणि दुसऱ्या भागात धून सुरू झाली तेव्हा बोटं बधिर होती.

सहाव्या की सातव्या सुरावर करंगळी बसलीच नाही. एक स्वर गेला, मग दुसरा. तिसरा जायच्या आत कीबोर्डवरून तोच स्वर आला, मऊ, जिथल्या तिथे. सरांनी धून उचलली होती. त्यांच्या डाव्या हाताने बेस धरला, उजव्याने धून, आणि बाई नुसत्या तारांवर बोटं ठेवून उभ्या राहिल्या. त्यांनी नाचणाऱ्यांकडे बघितलं. कुणीही मान वर केली नव्हती. एकही जोडपं अडखळलं नव्हतं.

नंतर सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "बघा, काही अडलं नाही. तुम्ही उगाच ताण घेऊ नका." सांत्वनच करत होते बिचारे. बाईंना त्याहून कडू काही कुणी आयुष्यात बोललं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी गिटार पिशवीतून काढलीसुद्धा नाही. रात्री जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, की हात गेला माझा. वाद्य कितीही चांगलं आणलं तरी हातच गेला असेल तर काय करणार. नवऱ्याने त्यांच्या ताटात पाव ठेवला आणि डावीकडचा पाण्याचा जड जग सरकवून उजवीकडे ठेवला.

सोमवारी सकाळी एक गिऱ्हाईक आलं. निवृत्त तिकीट तपासनीस, पोट पुढे, आवाज मोठा. दुकानातून घेतलेली तयार पँट ढिली करून पाहिजे होती. बाईंचा मूड आधीच गेलेला. त्यांनी पँट उलटी केली, शिवण पाहिली आणि विचारलं, काय होतंय?

"बसलं की काचते. श्वास घेता येत नाही," तो म्हणाला. "दुकानात तर झकास होती हो. आरशात बघून घेतली."

"बसून बघितली होतीत?"

"दुकानात कोण बसून बघतं?"

बाईंचं तोंड उघडलं होतं, नेहमीचं लेक्चर जिभेवर आलेलं होतं. त्या तशाच थांबल्या. मग त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मशीनपुढच्या स्टुलाकडे पाहिलं आणि कोपऱ्यात भिंतीला टेकवलेल्या काळ्या पिशवीकडे पाहिलं. आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. तपासनीस गोंधळला. आपल्या पोटाला हसताहेत असं वाटून त्याने श्वास आत ओढून घेतला.

"तुम्हाला नाही हो हसत," बाई म्हणाल्या. "पंचवीस वर्षं लोकांना खुर्चीत बसवतेय मी. आणि स्वतः दीड तास स्टुलावर बसून एक गोष्ट घेऊन आले, जी उभ्याने घालायची आहे."

तपासनिसाला काही समजलं नाही, पण त्याची पँट त्या दिवशी फुकट ढिली करून मिळाली. बाईंनी दुकान दुपारीच बंद केलं. आठ दिवसांतला शेवटचा दिवस होता. त्यांनी पिशवीत काळी गिटार घेतली, आपला पट्टा घेतला, टाचांचे बूट घेतले आणि नेमका लवकर सुटलेला नवराही बरोबर घेतला.

दुकानदाराने सवयीने स्टूल पुढे केलं. बाईंनी ते पायाने बाजूला सारलं, बूट घातले, काळी पिशवीतून काढली आणि उरलेल्या दोन्ही गिटारी मागितल्या. दुकानदार म्हणाला, ताई, लोक बसूनच बघतात. बाई म्हणाल्या, म्हणून तर तुमच्या दुकानात सगळ्यांना छान वाटतं. मग त्यांनी प्रत्येक गिटार गळ्यात घातली आणि दोन्ही हात सोडून दिले. नुसत्या उभ्या राहिल्या. जड गिटार जागची हलली नाही, पण दोन मिनिटांत खांदा बोलायला लागला. काळी गिटार हात सोडल्याबरोबर मान टाकून खाली गेली. हळदी गिटार थोडी डुलली आणि तिरकी, मान किंचित वर करून, थांबली. लांब शिंगामुळे पट्टा तिला पुढून धरत होता, तोल बरोबर मध्यावर येत होता. बाईंनी टेप लावून शिंगापासून मानेपर्यंतचं अंतर घेतलं. सांगायचं तर त्याची काही गरज नव्हती, पण मापाशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे.

"अहो, उचला जरा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवऱ्याने हळदी गिटार उचलली. चार किलो शंभर, तो म्हणाला. मग त्याने पट्टा बोटावर अडकवून ती तशीच लटकवली, थोडा वेळ पाहिलं आणि मान हलवली. आपण आधी काय म्हणालो होतो, ते त्याने बोलून दाखवलं नाही. बाईंना ते कळलं आणि आवडलं.

राहिली रुंद मान. लहान पंजा तिला पुरेना. बाईंनी पट्टा एक भोक वर घेतला, मग आणखी एक, मग आणखी दोन. गिटार कमरेवरून वर सरकत पोटाच्याही वर, छातीखाली आली. तिथे मनगट सरळ झालं. सरळ मनगटाने करंगळी पलीकडच्या तारेपर्यंत आपोआप पोचली. मनगट मोडलेलं नको, असं डॉक्टरीणबाईंना म्हणायचं होतं ते हेच असणार. पण शोकेसच्या काचेत बाईंना स्वतःचं रूप दिसलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून त्यांची गिटार कमरेखाली लोंबत होती. बेस असाच दिसला पाहिजे, बेफिकीर, असं त्यांचं ठाम मत होतं. आता काचेत एक पोक्त बाई हळदी रंगाचं मोठं पार्सल छातीशी कवटाळून उभी होती.

"कशी दिसतेय?" त्यांनी विचारलं.

"वाईट," नवरा म्हणाला. "हात कसा आहे?"

बाईंनी धून वाजवली. सबंध. मग पुन्हा. मग उभ्यानेच आणखी तासभर काय काय वाजवलं, तोवर दुकानदाराने दोनदा घड्याळ बघितलं. अंगठा बोलला नाही. बाई म्हणाल्या, हीच बांधून द्या.

त्या आठवड्यात त्यांनी नवा पट्टा शिवला. चार बोटं रुंद, आतून मऊ चामडं, मध्ये पँटीच्या कमरेत घालतात ते कडक अस्तर. लांबी पक्की केली, कमीजास्त करायची सोयच ठेवली नाही. मोह झाला तरी गिटार खाली घेता येऊ नये म्हणून. सराव रोज उभ्याने केला, टाचांचे बूट घालून, आरशासमोर. खुर्ची तेवढी बाजूला सरकवून ठेवली.

रविवारी ठोक्याने पहिल्यांदा गिटार पाहिली आणि मग ती कुठवर आली आहे ते पाहिलं. "बाई, हनुवटीला लागेल," तो म्हणाला. गायिकेने हसू दाबलं. सरांनी फक्त कीबोर्ड जरासा डावीकडे ओढून घेतला, खालच्या स्वरांपर्यंत हात नीट पोचावा म्हणून. बाईंनी ते बघितलं आणि गिटार छातीशी नीट बसवून घेतली.

पहिला भाग ठीक गेला. मध्यंतरात त्यांनी हात पाण्याखाली धरला नाही, चहा घेतला. दुसऱ्या भागात गायिका बाटली घेऊन खुर्चीवर बसली, ठोक्याने ब्रश उचलले आणि जोडपी जवळ आली. बाईंनी पहिला स्वर घेतला. सरांचा डावा हात कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर येऊन थांबला होता, अलगद, टेकलेला. काळजीने टेकलेला होता तो, हे बाईंना माहीत होतं, आणि तरी त्यांना तो नको होता. सहावा स्वर आला. सातवा आला. करंगळी पलीकडे गेली आणि स्वर लागला, पूर्ण, गोल. आठवा लागला. बाईंनी नजर तारांवरून काढली आणि सरळ सरांच्या हाताकडे बघत वाजवत राहिल्या. जरा उद्धटपणाच होता तो, पण त्या वेळी त्यांना त्याची लाज वाटली नाही.

धून दुसऱ्यांदा वरून सुरू झाली तेव्हा सरांनी हात पट्ट्यांवरून उचलला. क्षणभर तो हवेत राहिला, कुठे ठेवावा हे न सुचल्यासारखा. मग त्यांनी तो पँटच्या डाव्या खिशात घातला, मनगटापर्यंत, आणि धून संपेपर्यंत बाहेर काढला नाही. खिसा खोल होता, हात सगळा मावला.